मामाच्या वाढीचे दोन रकाने

गेल्या रविवारी नातीने फोनवर विचारलं, तिच्या दवाखान्याच्या फॉर्मवर आजीच्या आजारांसाठी जागा आहे, तिथे काय लिहू. मी ल्युपस म्हटलं आणि एकेक अक्षर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मामाच्या वेळी तुला हा आजार होता?" होता. तुमच्या आईच्या वेळीही होता. पण ही गोष्ट फोनवर नीट सांगता येत नाही. मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते, कधी तुमच्याकडची तर कधी माझ्याकडची. म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्ही दोघंही भावंडं मराठी वाचता, सावकाश का होईना, तेव्हा साधं लिहीन.

आजार मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळला. तेव्हा मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आधी बोटांचे सांधे सुजले आणि हातात खडू धरवेना. मग उन्हातून आलं की दोन्ही गालांवर लाल चट्टे उठायला लागले. वर्गातल्या मुलींना वाटायचं, बाई आज रागावल्यात. वर्ग चिडीचूप बसायचा. त्या आजाराचा मला झालेला हा एवढाच फायदा. वर्षभर संधिवाताची औषधं झाली. शेवटी आमच्याकडे करतात तेच केलं, मिरज गाठली.

मिरजेचे डॉक्टर देशावरचे, कमी बोलणारे. त्यांनी रक्त तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं. आपल्या रक्तात बाहेरच्या जंतूंशी लढणारी द्रव्यं असतात. या आजारात ती आपल्याच शरीरावर उलटतात, सांध्यांवर, कातडीवर, कधी मूत्रपिंडावर. घरी येऊन मी हे सासूबाईंना जमेल तसं समजावलं. त्यांना आम्ही सगळे माई म्हणायचो. त्या मराठी चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे राखणीचा कुत्राच घरच्यांना चावतो, असंच ना?" तसंच. पुढे मी हा आजार पुष्कळांना समजावून सांगितला, पण याहून थोडक्यात मला कधी सांगता आला नाही.

मी रोज एक गोळी घ्यायची आणि ऊन टाळायचं, असं ठरलं. डिसेंबरात छत्री उघडून शाळेत जाणारी बाई म्हणून गल्लीत माझी थोडी प्रसिद्धी झाली. दोन वर्षांत आजार निवला आणि मला दिवस गेले.

मिरजेला जाऊन डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते खूश झाले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी सांगितलं की माझ्या रक्तातली ती उलटलेली द्रव्यं नाळेतून बाळाकडे जाऊ शकतात. बहुतेक वेळा काही होत नाही. कधी बाळाच्या हृदयावर परिणाम होतो. मी विचारलं, "आणि मेंदूवर?" मी का विचारलं कोण जाणे. शिक्षिका होते, म्हणून असेल. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचे ठोके आम्हाला ऐकू येतात. मेंदूचं बाहेरून काहीच ऐकू येत नाही. मूल वाढतं तसतसा तो कळतो. बघत राहा."

तुमच्या आजीला कुणी 'बघत राहा' म्हटलं, तर आजी काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे. मी वही केली.

तुमचे आजोबा बँकेत होते. बँकेच्या कामाने ते मुंबईला गेले, तेव्हा माझ्यासाठी बालसंगोपनाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. विलायतेत छापलेलं. बाळाने कुठल्या महिन्यात काय करायला हवं, याचा तक्ता त्यात होता. मी दोनशे पानी वही घेतली, पट्टीने पानाच्या मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'पुस्तकाप्रमाणे', उजवीकडे 'आपल्याकडे'. बाळ जन्मायच्या आधी डावा रकाना तीन वर्षांपर्यंत भरून तयार होता.

तुमचा मामा तीन आठवडे आधीच जन्मला. वजन दोन किलोच्या थोडं आत. हृदयाचे ठोके अगदी नीट होते. फक्त डोळ्यांभोवती आणि कपाळावर गोल लालसर चट्टे होते. ते माझ्यामुळे आले आहेत आणि सहा महिन्यांत जातील, असं डॉक्टरांनी कळवलं, आणि ते गेलेही. पण तेवढे सहा महिने त्या चट्ट्यांकडे बघितलं की मला एकच गोष्ट दिसे. माझ्या रक्तातलं काहीतरी याच्यात गेलेलं आहे. कातडीवर गेलं ते दिसलं. आत गेलं असेल ते कसं दिसणार?

म्हणून वही. पुस्तकाप्रमाणे बाळ सहाव्या आठवड्यात हसतं. आपल्याकडे नवव्या. पुस्तकाप्रमाणे सातव्या महिन्यात बसतं. आपल्याकडे नवव्या महिन्याच्या शेवटी, तेही लोडाला टेकून. तो आधीच तीन आठवडे लवकर आलेला, ते तीन आठवडे मी धरले नव्हते. गणिताची एवढी साधी गोष्ट एरवी मी कुणाला चुकू दिली नसती.

रांगण्यापाशी वही अडली. पुस्तकात नवव्या-दहाव्या महिन्यात बाळ गालिच्यावर रांगत होतं, तसं चित्रच होतं. मामा अकरा महिन्यांचा झाला, बारा महिन्यांचा झाला, रांगला नाही. बसल्या जागेवरून एक हात जमिनीवर टेकायचा, एक पाय पुढे टाकायचा आणि बुडावर सरकत ओटीवरून माजघरात यायचा. वेग चांगला होता. पण पुस्तकात सरकणं नव्हतं, म्हणून मी उजव्या रकान्यात महिनोन्महिने 'नाही' एवढंच लिहीत गेले.

माई म्हणायच्या, "अगो, ह्याचा बापूस असाच सरकायचा. चड्ड्या शिवून शिवून माझे हात दुखले. खालची गुळगुळीत शहाबादी पाहिलीस ना? पोरगा शहाणा आहे, गुडघे कशाला झिजवील?"

मला वाटायचं, माझं मन राखण्यासाठी बोलताहेत.

मग चमच्याचं प्रकरण झालं. पुस्तकातलं मूल सव्वा वर्षाचं असताना चमच्याने खात होतं. मी बाजारातून छोटा चमचा आणला आणि मऊ भाताबरोबर त्याची रोज शिकवणी सुरू केली. तो चमचा घ्यायचा, निरखायचा, खिडकीतून बाहेर टाकायचा आणि हाताने भात खायचा, एक शीत न सांडता. मी लिहिलं, 'चमचा – नाही.' माईंनी खिडकीखालच्या अळवातून तो चमचा तिसऱ्यांदा शोधून आणला, तेव्हा म्हणाल्या, "हाताला काय झालंय त्याच्या? उद्या त्याला काट्याने मासे खायला लावशील."

"आपण मासे खात नाही, माई."

"तेच म्हणत्ये मी."

आजोबा वही वाचत असत. मी ती लपवत नव्हते, पण दाखवतही नव्हते. एकदा ती मिटून ठेवत ते म्हणाले, "हा तुझा पुस्तकातला मुलगा राहतो कुठे? एकदा जेवायला बोलाव त्याला. बघू तरी." मी हसले. पण त्याच सुमाराला माझ्या मनाने एक गोष्ट ठरवून टाकली होती आणि ती मी त्यांनाही सांगितली नव्हती. हा बरोबरीच्या मुलांसारखा वाढला, तरच दुसरं मूल. नाहीतर नाही. आपल्या आजाराची शिक्षा एका मुलाला झाली तेवढी पुरे.

बोलायलाही मामाने वेळ घेतला. पावणेदोन वर्षांपर्यंत 'आई', 'माई', 'भू' आणि 'काव' एवढे चारच शब्द. शेजारणीची त्याच्याच वयाची मुलगी अख्खी आरती म्हणायची. शेजारीण तिला आमच्या ओटीवर आणून म्हणायला लावायची. वाईट हेतूने नाही, कौतुकाने. पण आरतीला कधी कधी फार कडवी असतात.

दोन वर्षांनंतर त्याचे शब्द वाढले. तरी तो तीन वर्षांचा व्हायला आला तेव्हा वहीचा डावा रकाना पुढे होता आणि उजवा मागे होता. त्या जूनमध्ये मिरजेला माझी तपासणी होती. मी ठरवलं, या खेपेस त्यालाही दाखवायचं आणि काय तो निकाल लावून घ्यायचा. आजोबांना रजा मिळाली नाही. माई म्हणाल्या, "मी येत्ये. घाटात मला उलटी होते, पण येत्ये."

आंबा घाटात त्यांना उलटी झाली. मामाला नाही. तो खिडकीला नाक लावून बसला होता.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला तपासलं, आजार शांत आहे म्हणाले आणि मामाला त्याच इमारतीतल्या लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी त्याला चालायला लावलं, ठोकळे रचायला दिले, लोकरीचा लाल गुंडा हलवून बघितला. ते सगळं त्याने केलं. मग त्यांनी चित्रांचे पत्ते काढले. आम्हाला म्हणाल्या, "आता तुम्ही दोघींनी काहीही सुचवायचं नाही. तो म्हणेल ते मी लिहून घेणार." नियम म्हटला की मी पाळते. मी मांडीवर हात ठेवून बसले.

पहिलं चित्र गाईचं. "गाय." दुसरं छत्रीचं. "छत्री." तिसऱ्या पत्त्यावर सफरचंद होतं, लाल, गोल, वर छोटा देठ.

"हे काय?"

"रातांबा," मामा म्हणाला.

"काय म्हणालास?"

"रातांबा." या वेळी जरा जोरात. बाईंना कमी ऐकू येतं, असं त्याला वाटलं असावं.

बाईंनी काहीतरी लिहिलं. पुढचा पत्ता आगगाडीचा. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "एस्टी."

बाईंनी पुन्हा लिहिलं.

आता मला जे कबूल करायचं आहे, ते इथे आहे. त्या क्षणी मी मनातल्या मनात दोन चुका मोजल्या. आमच्या परड्यात रातांब्याची चार झाडं. नुकताच मे सरलेला. महिनाभर रोज माझ्या डोळ्यांसमोर टोपल्या भरभरून रातांबे फोडले गेले होते. रत्नागिरीत त्या काळी आगगाडी नव्हती. आमचा मुलगा ती पाहणार कुठे? हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही पत्त्यावर सफरचंद होतं आणि उत्तर सफरचंद नव्हतं. मी मनात चूक म्हणून खूण केली.

माईंनी नियम ऐकला नव्हता, किंवा ऐकला होता आणि पटला नव्हता.

"बाई, तुम्ही मूळच्या कुठच्या?"

"सांगलीकडच्या. का हो आजी?"

"तरीच. रातांबा पाह्यलायत कधी?"

"नाही बा."

"आमसूल खाता ना सारात? ते ज्याचं करतात तो रातांबा. असाच लाल, असाच गोल. ह्या मुलाने सफरचंद जन्मात पाहिलेलं नाही. ते आणतात आजाऱ्याला. आमच्या घरी आजारी म्हणजे ही एकटी, आणि हिला ते आवडत नाही."

"माई," मी म्हटलं.

"माई काय? खोटं बोलत्ये का मी?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पत्ते एकत्र करून बाजूला ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि मामाला विचारलं, "रातांब्याचं काय करतात रे?"

मामा खुर्चीवरून उतरला आणि फरशीवर मांडी घालून बसला. डाव्या हातात नसलेला रातांबा धरून त्याने उजव्या हाताने तो चिरला, बोटाने आतल्या बिया एका बाजूला काढल्या, साल दुसऱ्या बाजूला टाकली. तीनदा केलं. मग चिमटीने मीठ टाकल्यासारखं केलं.

"मग?"

"उन्हात."

"उन्हात काय होतं?"

"काव येतो." जरा थांबून, "माई हाड करते."

"आणि आई काय करते?"

"आई उन्हात नाही," तो म्हणाला. "आई घरात."

बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. त्यांनी आगगाडीचा पत्ता पुन्हा काढला. "ही एस्टी का?" "हो." "आज तू बसून आलास तशीच?" त्याने नीट बघितलं. "लांब आहे," तो म्हणाला. मग पत्ता उलटा करून मागची बाजू बघितली. "डायवर कुठेय?" चित्रात खरंच ड्रायव्हर नव्हता.

मग बाईंनी माझ्या शेजारी ठेवलेली वही मागितली. मी पहिल्या पानापासून समजावायला लागले, तर म्हणाल्या, "मला वाचू द्या." त्या पंधरा-वीस मिनिटं वाचत होत्या. बाहेर मुलं रडत होती. मधूनच त्यांनी मला विचारलं, "सरकत होता, हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. तक्त्यात नव्हतं."

"आणि हाताने जेवतो, हे?"

"तेही नाही."

"तुम्ही शिक्षिका ना?" त्या म्हणाल्या. "मुलीने प्रश्न सोडून दिला तर शून्य द्या. पण उत्तर लिहिलंय आणि तुमच्या गाइडात ते नाही, म्हणून शून्य?"

 माईंनी पदराने मामाचं नाक पुसलं, खरं तर ते वाहत नव्हतं.

निकाल बाईंनी सरळ सांगितला. बोलणं थोडं मागे आहे, पण विचार चांगला चालतो, हातांची कामं वयाच्या पुढची आहेत. पुढे शाळेत वाचायला कदाचित जड जाईल, कदाचित जाणार नाही. माझ्या आजाराचा त्यात काही भाग असेल का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. कुणी माहीत आहे असं म्हणालं, तर त्याला विचारा कसं माहीत झालं." डॉक्टरांचं 'माहीत नाही' ऐकून मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

जाताना मी माझ्या डॉक्टरांच्या खोलीत एकटी गेले आणि दुसऱ्या मुलाचं विचारलं. ते म्हणाले, "मी होऊ द्या म्हणणार नाही आणि थांबाही म्हणणार नाही. आजार आत्तासारखा शांत असू दे, गोळी बंद करू नका, आणि दर महिन्याला मला दाखवा." बस.

परतीच्या एस्टीत मामा माझ्या मांडीवर झोपला. मलकापूर गेल्यावर माईंनी पिशवीतलं लिंबू काढून नाकाशी धरलं, घाटाची तयारी म्हणून, आणि समोर बघत विचारलं, "विचारलंस का?"

"काय?"

"जे विचारायला आली होतीस ते."

मी आजोबांनाही सांगितलं नव्हतं. यांना कुठून कळलं, ते मी विचारलं नाही. "विचारलं," मी म्हटलं.

"मग?"

"ते म्हणाले, तुम्ही ठरवा."

"ठरव मग. पण अगो, ह्या खेपेस पुस्तक नको मागवूस हो. मला त्या पोराची भारी दया येत्ये, पुस्तकातल्या. दिवसभर नुसता वेळेवर वागतो मेला."

मी इतकी हसले की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग मला रडू आलं, आणि मामा जागा होऊ नये म्हणून तेही आवरलं. माईंनी लिंबू माझ्या हातात दिलं. घाट सुरू झाला तेव्हा ते त्यांनी परत घेतलं.

घरी आल्यावर मी आजोबांना सगळं सांगितलं. रातांबा ऐकून ते खूश झाले. मग दुसऱ्या मुलाचंही सांगितलं. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "पाळणा खाली काढून ठेवू का? साफ करायला वेळ लागेल." तुमच्या आजोबांचं 'हो' असंच असे.

दीड वर्षाने तुमची आई झाली. पूर्ण दिवसांची, अंगावर एकही चट्टा नाही. मिरजेची दर महिन्याची एकही फेरी मी चुकवली नाही, गोळी एक दिवसही चुकली नाही. ती शिस्त मी सोडली नाही, आणि तुम्हीही डॉक्टरांच्या बाबतीत सोडू नका. पण ती कुठल्या महिन्यात बसली, केव्हा रांगली, पहिला शब्द कुठला, हे तिने विचारलं तर मला सांगता येणार नाही. तेव्हा मी तिच्याकडे बघत होते.

वाचनाचं मात्र डॉक्टरबाई म्हणाल्या तसं झालं. मामा दुसरीत गेला तरी त्याला जोडाक्षरं लागत नसत. 'ब' आणि 'व' चौथीपर्यंत एकमेकांच्या जागी येत राहिले. माझ्या रक्ताने केलं का? का तो लवकर जन्मला म्हणून? का काहीच नसतानाही होतं तसं? मला माहीत नाही, आणि आता ते माहीत नसल्याचा त्रासही होत नाही. आम्ही एक पद्धत बसवली. संध्याकाळी परड्याकडच्या पायरीवर, ऊन उतरल्यावर, मी त्याचा धडा मोठ्याने वाचायची. एकदा ऐकलं की त्याला सगळं समजायचं आणि लक्षात राहायचं. तुमची आई तीन-चार वर्षांची, माझ्या खांद्यावरून पुस्तकात बघत असायची आणि अशीच फुकटात वाचायला शिकली. मग धडा ती वाचायला लागली. एकदा इतिहासाचा धडा तिने धडाधड वाचून काढला, एकही अक्षर न चुकता. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काय झालं?"

"काय माहीत," ती म्हणाली. "मी वाचत होते."

मग त्याने तिला तो धडा समजावून सांगितला. मी पायरीवरून उठून तांदूळ धुवायला आत गेले.